कापलेला ताणा

डॉक्टर मधुसूदन यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका शुक्रवारी बोट ठेवलं. "बावीस जानेवारी. तोवर अनुसयात काही फरक दिसला तर ठीक. नाहीतर मी तिला आत भरती करून घेणार."

आत म्हणजे कुंपणापलीकडचा बायकांचा वॉर्ड. तिथे संध्याकाळी सहाला बाहेरून कडी लागायची.

"सर, ती बंद दाराआड चार मिनिटंसुद्धा बसत नाही," चारुलता म्हणाली.

"म्हणूनच. दिवसाचे सहा तास तिला पुरत नाहीत. आपल्याकडे जागा आठ, आणि बाहेर अकरा मुलं थांबलेली. त्यांना मी काय सांगू?"

आकडे बरोबर होते. चारुलताची अडचण हीच होती. आकडे बरोबर असले की तिला भांडता येत नसे.

साल १९८२. दवाखान्याच्या मागे, कपडे वाळत घालायच्या मैदानाला लागून दोन खोल्यांची एक बैठी इमारत होती. बाहेर 'दिनोपचार केंद्र' अशी पाटी असली तरी सगळे तिला 'दहा-चार' म्हणत. जबर धक्क्यातून गेलेली बारा ते सतरा वर्षांची मुलं तिथे सकाळी दहाला येत आणि चारला घरी जात. रात्र स्वतःच्या अंथरुणात काढायची, ही त्या केंद्राची मूळ कल्पना. मुलांशी बोलणं डॉक्टरांचं काम, मुलांचे हात कामाला लावणं चारुलताचं. कागद, माती, सुतारकाम, स्वयंपाक, काहीही चाले. काय दिलं, किती वेळ दिलं, मुलानं काय केलं, हे ती एका जाड वहीत लिहून ठेवी. वहीत मत लिहायचं नाही, दिसलं तेवढंच लिहायचं, असा तिचा नियम होता.

अनुसया हेडाऊच्या पानावर अडीच महिन्यांत फारसं काही जमलं नव्हतं. वय चौदा. राहणार तांडापेठ. घरी हातमाग. दाराजवळच्या बाकावर बसते, पाय बाहेर. दार लावलं की उठून मैदानात जाते. दिलेली वस्तू हातात धरते, काही करत नाही. बोललेले शब्द : हो, नाही, पाणी.

तिच्यासाठी दार दिवसभर उघडं राहायचं, आणि नागपूरची थंडी त्या दारातून सरळ आत यायची. सगळी मुलं स्वेटर घालून बसत. आयाबाई रुखमाबाई डोक्यावरून शाल घेऊन कुरकुरत. "एका पोट्टीपायी आम्हा सगळ्यायचं आइसकिरीम होऊन राहिलं."

"मग खा ना वं मावशी," गोपिका म्हणायची. गोपिका सोळा वर्षांची. बस उलटली त्यातून वाचलेली, आणि तेव्हापासून एक मिनिट गप्प न बसणारी. दोघी एकाच बाकावर बसत. एक बोलायची आणि एक बोलायची नाही.

अनुसयाचं काय झालं होतं ते फाईलमध्ये दहा ओळींत होतं. पोळ्याच्या आठ दिवस आधी, दुपारी, मागाच्या खोलीची मातीची भिंत आत कोसळली. बाप मारोतराव माल द्यायला गांधीबागेच्या कापडबाजारात गेलेला. खोलीत अनुसया आणि तिची आई. त्यांच्या घरचा माग खड्ड्याचा होता : विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात सोडतो. आईनं मुलीला त्या खड्ड्यात ढकललं आणि स्वतः भिंतीखाली गेली. मागाच्या लाकडी चौकटीनं वरचा ढिगारा पेलला, म्हणून मुलगी वाचली. पाच तासांनी तिला बाहेर काढलं. आईचा हात तिच्या वेणीवर होता.

सगळी तांडापेठ ही गोष्ट सांगे. आई असावी तर अशी, असं म्हणून सांगे. अनुसया समोर असली तरी सांगे.

चारुलतानं पुष्कळ विचार करून एक गोष्ट ठरवली. मुलीला माती नको, कागद नको, मग जे तिनं जन्मल्यापासून पाहिलं तेच द्यावं. दवाखान्याच्या भांडारात एक जुना, चौकटीचा छोटा माग धूळ खात पडला होता. त्याला खड्डा लागत नाही, बाकावर बसून विणता येतं. तिनं अर्ज केला, तो आणवला, आणि मारोतरावांना बोलावून घेतलं. पन्नाशीचा, बुटका, बोलण्यात सावकाश असा माणूस. त्यांनी दोन दिवस खपून माग बसवला, सहाशे चाळीस उभ्या धाग्यांचा पांढरा ताणा चढवला, एकेक धागा फणीतून ओढून घेतला आणि हात बसावा म्हणून टिचभर विणूनही दाखवलं.

"विणन का थे, बाई?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

मारोतराव मागाकडे बघत राहिले. काहीतरी बोलावं की नाही असा त्यांचा चेहरा झाला. शेवटी म्हणाले, "तुम्ही शिकेल लोक. तुम्ही म्हणता तं पाहू."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, चारुलतानं अनुसयाचा हात धरून तिला मागापाशी नेलं आणि बाकावर बसायला सांगितलं. मुलीनं मागाकडे पाहिलं. ती तिथेच ओकली आणि पळाली. रुखमाबाईंना ती मैदानाच्या टोकाला, वाळत घातलेल्या चादरींच्या मधे उभी सापडली.

त्यानंतर ती आली नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. चारुलतानं वहीत लिहिलं, "माग दिला. चूक झाली. कारण माहीत नाही." बावीस तारखेला आठ दिवस उरले होते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती सायकल काढून तांडापेठेत गेली. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू होती. हेडाऊंच्या घराची एक बाजू नवी, विटांची दिसत होती. दारात मारोतरावांची बहीण जिजाबाई तांदूळ निवडत बसली होती. भावजय गेल्यापासून ती उमरेडहून येऊन इथेच राहिली होती.

"तुम्हीच का थ्या दवाखान्याच्या बाई?" तिनं सुपातून मान वर केली. "या. तिळगूळ घ्या आन् गोड बोला. माह्यानं आज गोड बोलणं होत नाही."

"माझं चुकलं, आत्याबाई. ते कळावं म्हणून आले."

जिजाबाईला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. तिनं सूप खाली ठेवलं.

आतल्या अंगणात अनुसया भिंतीला पाठ न लावता, मधोमध बसून चरख्यावर कांड्या भरत होती. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या या कांड्यांवर सूत इतकं सारखं चढत होतं, की चारुलता पाहातच राहिली. दहा-चारमध्ये कात्रीसुद्धा न उचलणारे हात हेच.

"आमच्या घरच्या पोरी हेच करते," जिजाबाई म्हणाली. "कांड्या भराच्या, ताण्याची सांधणी कराची. मागावर नाही बसत."

"कधीच नाही?"

"उमरेडात बसते बाया. शेजारी पाहा, सून बसते. आमच्या बापाच्या घरात नाही. माही आई म्हणे, मागावर बाई बसली का घर बसते." ती थांबली. "कोणी बसलंच नाही, तं घर कायले बसलं देव जाणे."

"मारोतराव मला बोलले नाहीत."

"तो कधी बोलते? डॉक्टरनं सांगितलं तं विहिरीत उडी मारन, वरून पाणी कसं हाय तेही सांगन नाही."

निघण्याआधी चारुलतानं मागाची खोली पाहायला मागितली. दार पूर्वेला, खड्डा पश्चिमेला, अगदी पडलेल्या भिंतीखाली. मधे सात पावलं. तिनं ती चालून पाहिली. स्वयंपाकघर दाराच्या बाजूला होतं. म्हणजे आई दाराकडून आली. मुलगी खोलीत आणखी कुठेही असती, तर तिला ढकलायला दार जवळ होतं, खड्डा नव्हता. आईला भिंत पडताना दिसली असती, तर तिनं मुलीला सात पावलं भिंतीकडे ओढत नेलं नसतं.

मुलगी आधीच खड्ड्यात होती. म्हणजे मागावर होती.

घरी येऊन तिनं वही उघडली आणि मिटली. हे दिसलेलं नव्हतं, हे तिनं जुळवलेलं होतं. आणि मुलीला विचारणं म्हणजे पुन्हा हात धरून मागापाशी नेण्यासारखंच.

एक गोष्ट मात्र नक्की करता येण्यासारखी होती : माग तिथून हलवायचा. शनिवारी तिनं भांडाराला कळवलं. ताणा गुंडाळलेला जड रूळ मागे बांधलेला असल्यामुळे चौकट दारातून निघेना. चारुलतानं कात्री घेतली, रूळ आणि फणी यांच्या मधोमध ताणा आडवा कापला, रूळ सोडवून बाजूला ठेवला. पाच मिनिटांचं काम. तरीही भांडारवाले म्हणाले, हातगाडी मंगळवारी मिळेल.

सोमवारी सकाळी जिजाबाईनं दटावून पाठवलं म्हणून मारोतराव मुलीला घेऊन आले. अनुसया मैदानाच्या कडेला थांबली. मारोतराव आत आले आणि मागापाशी येऊन उभे राहिले. लोंबणारी पांढरी टोकं त्यांनी हातात घेतली.

"कोणं कापला?"

"मी," चारुलता म्हणाली. "तिला दिसू नये म्हणून. चौकट बाहेर काढायची होती."

मारोतराव कोपऱ्यात उकिडवे बसले. आवाज चढवला नाही. "बाई, आमच्या घरी विणता विणता ताणा कापत नाही. घरचं माणूस गेलं तेव्हाच कापते. मागल्या साली मी माह्या हातानं कापला. आता हा... असाच ठेवून मी घरी कसा जाऊ?"

तिला कापणं म्हणजे कापणं एवढंच माहीत होतं. "जोडता येतो का?"

"येते ना. सांधता येते."

त्यांनी रूळ पुन्हा जागेवर बांधला, चुलीतली राख मागवली आणि मागाच्या मागच्या बाजूला जमिनीवर बसले. रुळावरचं एक टोक, फणीकडचं एक टोक, बोटांना राख लावून दोन्ही एकमेकांवर पिळायची. गाठ मारायची नाही, गाठ फणीत अडकते. सहाशे चाळीस वेळा. त्यांची बोटं जाड होती. पिळलेली टोकं सुटत होती. वीस धागे व्हायला अर्धा तास लागला.

"काका, असं तं तुमचं लग्न पुन्हा होईपर्यंत नाही होत," गोपिका बाकावरून म्हणाली.

"चूप बस वं," रुखमाबाईंनी डोळे वटारले.

"सांधणी माह्या घरी बाया करते," मारोतराव कोणाकडेही न बघता म्हणाले. "माहा हात नाही याच्यात."

पुन्हा दहा धागे झाले. मग दाराकडून आवाज आला, खूप दिवस न वापरल्यामुळे जाडसर झालेला.

"बाबा, उलटं होऊन राहिलं."

सगळ्यांच्या माना फिरल्या. फक्त मारोतरावांची नाही. ते हातातल्या धाग्याकडेच पाहात म्हणाले, "कुठून?"

"खालचा धागा वर घेतला तुम्ही. तिथून सगळे."

"मले दिसत नाही."

अनुसया उंबऱ्यावर थांबली. चारुलता हलली नाही, कोणाला हलूही दिलं नाही. मुलीनं मागाच्या पुढच्या बाजूला, त्या बाकाकडे एकदा पाहिलं, मग भिंतीकडून वळसा घालून मागे आली आणि बापासमोर बसली. मधे लोंबते धागे. तिनं राखेत बोटं बुडवली, चुकलेले अकरा धागे सोडवले आणि पहिला हात पुढे केला. मारोतरावांनी त्यात एक टोक दिलं.

त्या दिवशी चार वाजेपर्यंत एकशे नव्वद धागे झाले. चारुलतानं वहीत आकडा लिहिला. खाली लिहिलं, "मागाच्या बाकावर बसली नाही. बसवायचं नाही." मंगळवारी हातगाडी आली ती तिनं परत पाठवली.

मंगळवारी गोपिकाला राख चाळायचं काम मिळालं. "बाप्पा, माह्या नशिबी राखच," ती म्हणाली, आणि अनुसयाच्या तोंडाचा एक कोपरा हलला. दोघं बापलेक बोलत नव्हते. बोलायची गरज पडत नव्हती. तो द्यायचा, ती घ्यायची. दोघांचे डोळे धाग्यावर. चारुलता शेजारी बसून टोकं विंचरून सरळ करून देत होती. तिला वाटलं, समोरासमोर बसून एकमेकांकडे न बघण्याची याहून चांगली सोय कोणी काढली नसेल.

बुधवारी दुपारी शेवटचे शंभर राहिले होते. गोपिका जेवायला गेली होती.

"बाबा," अनुसया म्हणाली, "आई मले ढकलाले नव्हती आली."

मारोतरावांनी टोक पुढे केलं. तिनं घेतलं, पिळलं, सोडलं. चारुलताच्या हातातली विंचरायची फणी थांबली. उठून जावं की बसावं? उठलं तर मुलगी बुजेल. ती बसून राहिली.

"मग?"

"उठवाले आली होती. मी मागावर बसली होती. तुम्ही गांधीबागेत गेले होते. मी म्हटलं, पाहू तं जमते का." आणखी एक धागा झाला. "तिनं हाक देली. मी उठली नाही. अजून एक हाक देली. मी म्हटलं, एवढं होऊ दे. मग थे आत आली आन् वेणी धरली माही."

पुढचं टोक आलं नाही. मारोतरावांचा हात राखेच्या ताटलीवर तसाच राहिला होता. बाहेर चादरी फडफडत होत्या.

"किती विणलं होतं?" त्यांनी विचारलं.

"चार बोटं."

"पाच." ते म्हणाले. "घरचा ताणा कापला तेव्हा मी पाहिलं. माह्या हातचं नव्हतं. डाव्या बाजूनं काठ ढिला. मी म्हटलं, तुह्या आईनं विणलं. मी सकाळी किरकिर केली होती, आज साडी होत नाही म्हणून. मले वाटलं, माह्यापायी बसली."

"नाही. मी होती."

"हो."

"मी पहिल्या हाकेले उठली असती तं..."

"तं तुही आई वाचली असती का नाही, मले माहीत नाही," मारोतराव म्हणाले. "भिंत मले माहीत होती. आठ दिवसांपासून पाणी पिऊन फुगली होती. मी रोज पाहत होतो. म्हटलं, पोळा होऊ दे, मग पाहू."

एवढं बोलून ते उठले, हात धोतराला पुसले आणि बाहेर निघून गेले. मुलगी त्यांच्या रिकाम्या जागेकडे बघत बसली. मग चारुलताकडे वळून म्हणाली, "आता थे मले घरी नेत नाही."

चारुलताला 'नेतील' म्हणावंसं वाटलं. पण तिला ते माहीत नव्हतं. तिनं मारोतरावांच्या जागी बसून एक टोक उचललं. "मला देता येईल का, सांग. चुकलं तर ओरड."

चारला जिजाबाई आली आणि भाचीला घेऊन गेली. भाऊ कुठे आहे ते तिला माहीत नव्हतं.

गुरुवारी दोघंही आले नाहीत. डॉक्टर मधुसूदन यांनी चारुलताला बोलावलं.

"ऐकलं, ती बोलली."

"हो."

"काय बोलली?"

"ते तिचं आणि वडिलांचं आहे, सर. मी हजर होते, एवढंच. वहीत बोलल्याची नोंद आहे, मजकूर नाही."

त्यांनी चष्मा काढला. "चारुलता, मनातलं एवढं बाहेर पडल्यावर मूल कोसळतं, हे मी पाहिलंय. आज ती आलीसुद्धा नाही. उद्या बाप आला तर मी अर्ज पुढे करणार. नाही आला, तर माणूस पाठवून घेऊन येणार. आत निदान कोणीतरी चोवीस तास जवळ असेल."

ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. त्या रात्री चारुलतानं त्यांचं म्हणणं दोन-तीनदा तपासून पाहिलं. त्यात चूक सापडली नाही. एकच गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती, की मुलीला कोसळण्याची भीती नव्हती, तिला घरातून काढलं जाण्याची होती.

शुक्रवारी अकरा वाजता तिघं आली : मारोतराव, जिजाबाई, आणि दोन पावलं मागे अनुसया. मारोतरावांचं धोतर प्रवासानं मळलेलं होतं. डॉक्टरांनी दार उघडंच ठेवलं, खुर्च्या दिल्या आणि अर्ज टेबलावर ठेवला.

"काल का नाही आलात?"

"उमरेडले गेलो होतो. हिच्या मामाकडं."

अनुसयाची मान झटकन वर झाली.

"सांगितलं त्यायले," मारोतराव म्हणाले. ते डॉक्टरांशी बोलत होते, पण सांगत दुसऱ्याच कोणाला होते. "काय झालं थे. पोरगी मागावर होती, आन् भिंत मी लिंपली नव्हती. दोन्ही सांगितलं. सगळेजण तिच्या आईची गोष्ट सांगून राहिले, आन् पोट्टी ऐकून राहिली. म्हटलं, आता खरी सांगा."

तिला न विचारता, चारुलताच्या मनात आलं. तिनं मुलीकडे पाहिलं. अनुसयाचे हात मांडीवर घट्ट होते.

"मामी रडली?" मुलीनं विचारलं.

"रडली. मामा उठून बाहेर गेला. रात्री जेवला नाही माह्यासंग." ते थांबले. "सकाळी मामी म्हणे, होळीले पोरीले पाठवा. मामा काही बोलला नाही. पण बसपर्यंत आला."

"माह्या भावजयीच्या माहेरचे लोक," जिजाबाई म्हणाली, "बोलाले आमच्यापेक्षाही कमी."

डॉक्टरांनी अर्ज थोडा पुढे सरकवला. भरती म्हणजे काय, किती दिवस, औषधं कोणती, सगळं त्यांनी नीट, न घाई करता समजावलं. मारोतरावांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"रात्री दार लावते का तिथं?"

"लावावं लागतं."

"मग नाही." आवाज सावकाशच होता. "दिवसा तुम्ही ठेवा. जितके महिने म्हणाल तितके. रात्री थे घरी येईन. अंगणात झोपते, झोपू द्या. मी बाजूले असतो."

"आणि तिला त्रास झाला तर?"

"तं मी घेऊन येईन. रात्री-बेरात्री कधीबी. सायकल हाय."

डॉक्टर मुलीकडे वळले. "अनुसया, तुला काय वाटतं?"

अनुसयानं अर्जाकडे पाहिलं. चारुलताला खुर्चीची कड तळहातात रुतलेली जाणवली. आता बोलली नाही तर अर्ज तिथेच होता.

"सव्वीस धागे राहिले," अनुसया म्हणाली. "ताईनं बारा उलटे केले. थे सोडवा लागन."

"आणि मग?"

"मग कोणीतरी विणन."

"कोण? तू?"

"मी नाही." लगेच, जवळजवळ रागानं. मग खाली बघून म्हणाली, "गोपिकाले बसवतो. मी मागून सांगतो."

डॉक्टर मधुसूदन यांनी चारुलताकडे पाहिलं. तिनं वही उघडली नाही. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, चौघडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकला. फाडला नाही. केसपेपरवर लिहिलं : दिवसाचे उपचार चालू. पुढील तपासणी तीन महिन्यांनी. आणि मारोतरावांना म्हणाले, "तो भरतीचा अर्ज इथेच राहील. लागला तर मी मागे हटणार नाही."

"ठेवा साहेब. कागद कुठं खाते पिते."

राहिलेले धागे जेवणाआधी झाले. चारुलतानं केलेले बारा अनुसयानं एकेक करून सोडवले आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. चारुलताच्या लक्षात आलं, की ही मुलगी दया करते आहे. तिला ते आवडलं.

दुपारी गोपिका मागाच्या बाकावर बसली. माग चालवायचा म्हणजे पायानं एक पट्टी दाबायची, धोटा फेकायचा, ठोकायचं, मग दुसरी पट्टी. गोपिकानं दोन्ही पट्ट्या एकदम दाबल्या, धोटा खाली पाडला, आणि तो कोणी लपवला म्हणून रुखमाबाईंवर आरोप केला.

"डावा," मागून आवाज आला.

"डावाच हाय ना!"

"हा उजवा हाय."

"माहा पाय हाय का तुहा?"

अनुसया धाग्यांच्या मागे उभी होती, बाकापासून चांगली चार हात लांब. पुढे कित्येक महिने ती त्याहून जवळ आली नाही. होळीला ती उमरेडला गेली आणि दुसऱ्याच दिवशी परत आली. मामा बोलला नव्हता. जूनमध्ये तो स्वतः तांडापेठेत आला तेव्हाच बोलला. दार उघडं ठेवायची पद्धत दहा-चारमध्ये पुढचा हिवाळाभरही चालली. हे सगळं चारुलताच्या वहीत तारीखवार आहे.

त्या शुक्रवारी मात्र एवढंच झालं. सव्वातीनपर्यंत गोपिकाचं बोटभर वाकडंतिकडं कापड तयार झालं. मारोतराव दाराशी उभे राहून पाहात होते.

"कसं आहे?" चारुलतानं विचारलं.

त्यांनी वाकून काठाकडे पाहिलं. "वाईट हाय," ते म्हणाले. "पण हे कोणं विणलं थे तं दिसते." मग मुलीकडे वळले. "चाल, आत्यानं भाकरी टाकली असन."

"अजून चार नाही वाजले," अनुसया म्हणाली.

ते पायरीवर बसून राहिले, आणि वाट पाहिली.